एकाच तारेवरून विहीर आणि घर यांचा संवाद

वरूड तालुक्यातील आमच्या संत्राबागेत विहिरीवरच्या स्टार्टरजवळ एक सर्किट बोर्ड आणि घरी दुसरा, असे दोन बोर्ड मी एक संदेशाची आणि एक परतीची तार टाकून थेट जोडले होते. मोटार बंद होताना काँटॅक्टरचा (स्टार्टरमधल्या विजेच्या स्विचचा) झटका तारेतून येई आणि घरच्या बोर्डाचा मायक्रोकंट्रोलर (बोर्ड चालवणारी चिप) दोनदा जळाला.

त्यावर मी दोन्ही टोकांना पीसी८१७ जातीचे दोन-दोन ऑप्टोकपलर बसवले, एक पाठवणारा आणि एक घेणारा. ऑप्टोकपलर म्हणजे आतल्या दिव्याच्या प्रकाशातून संकेत पलीकडे नेणारा, पण दोन बाजूंना विजेने न जोडणारा भाग. तार २.२ किलोओहमच्या रोधकातून १२ व्होल्टला ओढून ठेवली, म्हणजे कोणी बोलत नसताना तिच्यावर व्होल्टेज राहते. पाठवणारा ऑप्टो ती खाली खेचतो, आणि ४.७ किलोओहममधून तारेला जोडलेला घेणारा ऑप्टो विझतो, म्हणून एकच तार दोन्ही दिशांना पुरते. घेणारा ऑप्टो पाठवणाऱ्याला चालवत नसल्यामुळे तार खालीच अडकून पडण्याचा धोकाही राहत नाही.

तरीही झटके थांबले नाहीत. कारण सापडायला दोन दिवस लागले: तारेचे १२ व्होल्ट मी विहिरीवरच्या बोर्डाच्याच अडॅप्टरमधून घेतले होते, त्यामुळे तार आणि तो बोर्ड यांची ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) एकच होती आणि त्या टोकाचे विलगीकरण नावापुरतेच उरले होते. माझ्या मते नवशिक्यांची खरी चूक इथेच होते. तारेसाठी वेगळा अडॅप्टर लावल्यावर त्रास संपला.

वेग १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, ठेवला आहे. आपलाच पाठवलेला संदेश परत ऐकू येतो. तो जुळवून पाहिला की दोघे एकाच वेळी बोलल्याचेही कळते, आणि मग थोडे थांबून पुन्हा पाठवता येते.