रसायनांविना भाज्यांवरील मावा आवरताना

मावा आणि पांढरी माशी या बारीक किडी पानांच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतात. त्यामुळे फवारणीपूर्वी पाने उलटून पाहणे, हेच मला सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. प्रादुर्भाव थोडा असल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच मावा बराचसा धुऊन निघतो. तो वाढल्यास १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि ते नीट मिसळावे म्हणून १ ते २ मिलि सौम्य द्रवसाबण घालून, आधी एका पानावर परिणाम तपासून, संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात पाने करपू शकतात, तेलातील अझाडिरॅक्टिन हा कीडनाशक घटक लवकर विघटित होते आणि दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. आठवड्याने पुन्हा फवारावे. ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या (ज्यांना अनेक जण कीड समजून मारतात) दिसल्यास मात्र फवारणी थांबवावी. हे किडे आणि अळ्या मुख्यतः माव्यावर जगतात.