लिनिअर अल्जेब्राचा पेपर: हातचे गुण कुठे जातात

ठाणे-नवी मुंबईतली बरीच कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. सत्र सुरू होताच आपल्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून दोन गोष्टी बघा: अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेचे गुण किती, आणि दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं का. सीनियर सांगतात ते जुन्या पॅटर्नचं असू शकतं.

पेपरात प्रत्येक रो ऑपरेशन (मॅट्रिक्सच्या ओळींवरची क्रिया) बाणाशेजारी लिहा, उदा. R₂ → R₂ − 3R₁ (R₁, R₂ म्हणजे पहिली, दुसरी ओळ). नुसती पुढची मॅट्रिक्स लिहिली आणि एक चिन्ह चुकलं, तर तपासणाऱ्याला पायरीचे गुण द्यायला आधारच उरत नाही. डिटरमिनंट काढताना जास्त जपा: दोन ओळींची अदलाबदल केली की चिन्ह पालटतं, आणि R₂ → 2R₂ − R₁ केलं की उत्तर दुप्पट होतं. ही दुसरी गोष्ट फार जण विसरतात.

आयगन व्हॅल्यू (ज्या λ साठी Av = λv होईल असा शून्य नसलेला व्हेक्टर v, म्हणजे आयगन व्हेक्टर, मिळतो ती संख्या) मूळ मॅट्रिक्सवरूनच काढा. आधी रो रिडक्शन केलं की त्या सहसा बदलतात. समजा A च्या ओळी (4, 1) आणि (2, 3) आहेत. कर्णाची बेरीज 7, डिटरमिनंट 10, म्हणून व्हॅल्यू 5 आणि 2. बेरीज-गुणाकाराचा हा ताळा अर्ध्या मिनिटात होतो. λ = 5 ला A − 5I (I म्हणजे एकक मॅट्रिक्स) च्या ओळी (−1, 1) आणि (2, −2); एक दुसरीच्या पटीत आहे, म्हणून आयगन व्हेक्टर (1, 1). ओळी पटीत नसतील तर उत्तर शून्य व्हेक्टर येतं, आणि तो आयगन व्हेक्टर धरत नाहीत. अशा वेळी मागे जाऊन λ तपासा.

ट्युटोरियलच्या वह्या मात्र वेळेवर द्या, बस्स.