स्वतःचा रंधा स्वतः करताना

आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स करून मी पुण्यात मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात लागलो. दिवसभर प्लायवूड, लॅमिनेट आणि पॅनेल सॉ. भरीव लाकडाला हात लागायचा तो फक्त शिकत असताना, तेवढाच. कारखान्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे त्यांच्या वडिलांनी केलेला शिसवीचा रंधा होता. तळ आरशासारखा झालेला. त्यांनी एकदा तो माझ्या हातात दिला आणि सागाच्या पट्टीवरून फिरवायला सांगितलं. अख्ख्या पट्टीच्या लांबीचं, कागदासारखं सालपट निघालं. त्या दिवशी ठरवलं, असा रंधा आपणही करायचा.

मिस्त्री म्हणाले, "आधी मोगरी कर. मग गेज. रंधा शेवटी." मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, गेज म्हणजे कडेला समांतर रेघ आखायचं हत्यार. नवीन येणाऱ्यांना मीही हाच क्रम सांगतो. कपाटात झालेली चूक लॅमिनेटखाली झाकता येते. हत्यारातली चूक मात्र पहिल्याच घावाला समोर येते, म्हणून लाकूड लवकर कळतं.

पहिली मोगरी मी वखारीतून आणलेल्या बाभळीची केली. तुकड्यात झाडाचा गाभा आला होता आणि लाकूड पुरतं वाळलेलंही नव्हतं. एप्रिलपर्यंत गाभ्यापासून बाहेरपर्यंत भेगा पडल्या. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आटतं, ते गाभ्याकडून सालीकडे आटण्याच्या साधारण दुप्पट असतं. वर्गात हे मी लिहून घेतलं होतं. पटलं ते तेव्हा. दुसऱ्या वेळी गाभा नसलेला, वर्षभर सावलीत ठेवलेला तुकडा घेतला. डोकं १३० × ९० × ६५ मिमी. बाभळीचं असं डोकं सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि पटाशीकामाला, म्हणजे छिन्नीच्या कामाला, ते पुरतं. दांड्याचं भोक वर रुंद आणि खाली अरुंद ठेवा, दांडाही तसाच निमुळता करून वरून घाला. मग प्रत्येक फटक्याला डोकं दांड्यावर आणखी घट्ट बसतं. पाचर, खिळा, गोंद काही लागत नाही.

मार्किंग गेज, आमचे मिस्त्री जिला खतावणी म्हणतात, एका सुट्टीच्या दिवसात होते. सुईऐवजी तुटक्या हॅकसॉ पात्याचा तुकडा सुरीसारखा घासून बसवा, आडव्या तंतूंवरही रेघ स्वच्छ कापली जाते. लाकडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, केलात तर तो असा तपासा: सरळ कडेला लावून रेघ ओढा, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघांत जेवढी फट दिसते, गुण्यातली चूक त्याच्या निम्मी असते.

आता रंधा. जुन्या पद्धतीत अखंड ठोकळा पटाशीने आतून कोरतात. ते नवख्याचं काम नाही. माझे दोन ठोकळे त्यात वाया गेले. सोपी वाट म्हणजे ठोकळा उभा कापून दोन गालपटं बाजूला काढायची, मधल्या भागात पात्याचा ४५ अंशांचा उतार करवतीने कापायचा आणि सगळं परत चिकटवायचं. फर्निचर कारागीर जेम्स क्रेनॉव्ह यांच्यामुळे ही रीत जगभरच्या हौशी सुतारांपर्यंत पोचली. १९८१पासून ते कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला शिकवत होते. फेव्हिकॉल लावून शिकंजा (क्लॅम्प) आवळला की तुकडे घसरतात, म्हणून दोन्ही टोकांना आधीच बारीक खुंट्या मारून जागा पक्की करा.

लाकडासाठी नवी शिसव विकत घेऊ नका. मी जुन्या पलंगाचा पाय वापरला. तो आटायचा तेवढा केव्हाच आटलेला असतो. शिसवीचा भुसा काहींना बाधतो, अंगाला खाज येते, शिंका येतात, मास्क लावाच. ठोकळ्याच्या तळाशी सालीकडची बाजू घ्या. तळावरून हात पुढून मागे फिरवून बघा, गुळगुळीत लागला पाहिजे. खरखरीत लागला तर ठोकळा फिरवून पुढचं टोक मागे करा. पातं मला जुन्या बाजारात मिळालं, दोन इंच रुंद, गंजलेलं पण जाड. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ४००, ८००, १२०० अशा क्रमाने पाठ सपाट केली आणि धार ३० अंशांवर लावली.

माझा रंधा सुरुवातीला चालेना. चार फटकारे मारले की तोंडात, म्हणजे तळाला पातं जिथून बाहेर येतं त्या फटीत, सालपटं कोंबली जायची. मी तोंड मोठं करत गेलो आणि रंधा बिघडवला. दोष तोंडात नव्हता. पातं दाबून धरणाऱ्या पाचरीचं खालचं टोक जाड होतं, सालपट त्यावर आपटून अडत होतं. पाचर लांब आणि निमुळती, साधारण दहा अंशांची, करा. तोंड शेवटी, कानशीने थोडं थोडं उघडा. बारीक कामाला अर्धा मिलिमीटरही पुष्कळ होतो.

तळ सपाट करताना पातं आत ओढून पाचर मात्र नेहमीइतकीच घट्ट ठोकलेली ठेवा. पाचरीच्या दाबाने ठोकळा किंचित वाकतो, सैल पाचरीने घासलेला तळ काम करताना सपाट राहत नाही. पातं खोल करायचं तर त्याच्या माथ्यावर हलकी टिचकी, मागे घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मोगरीचा ठोका. दोन आठवड्यांत हाताला अंदाज येतो.

शेवटी जवसाचं तेल चोळा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पावसाळ्यात माझा रंधा फुगतो आणि पाचर अडकते. दर ऑक्टोबरला मी तळ पुन्हा काचेवर तपासतो. यंदा दोन फटकाऱ्यांत काम झालं. आता मिस्त्रींनी वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्यासाठी धावड्याचा तुकडा आणून दिलाय, तो सावलीत वाळतोय.