भूसंवर्धन संस्थेचा कारभार सांभाळताना या चुका टाळा

भूसंवर्धन संस्था म्हणजे जमिनी विकासापासून वाचवून कायमच्या राखणारी संस्था. एखादी जमीन तिच्या ताब्यात आली की कार्यालयात उत्साह असतो. दस्ताची नोंदणी होते, फोटो निघतात, देणगीदारांना आभाराची पत्रं जातात. कारभार पाहणाऱ्याच्या टेबलावर मात्र त्याच दिवशी एक कधीही न संपणारं काम येऊन पडतं. हद्द, विमा, कर, पाहणी, शेजारी, तण, आग, वाद हे सगळं तिथून पुढे सुरू होतं. या क्षेत्रातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: जमीन मिळवायचा खर्च सगळे मोजतात, ती राखायचा खर्च कुणीच मोजत नाही.

जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची स्थापना १८९५ची. पुढच्याच वर्षी ट्रस्टने ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावातलं धर्मगुरूंचं जुनं घर अवघ्या १० पौंडांना विकत घेतलं. पडायला आलेलं ते घर उभं करायला त्याच्या कितीतरी पट पैसा लागला. याच संस्थेने नंतर ‘चोर्ली फॉर्म्युला’ नावाची आकडेमोड वापरायला सुरुवात केली. नवी मालमत्ता स्वीकारण्याआधी ती सांभाळायला किती कायम निधी, म्हणजे मुद्दल राखून फक्त उत्पन्न वापरायचा निधी, लागेल हे त्यातून काढलं जातं. फुकट मिळणारी जमीन घेण्यापूर्वीही असा हिशेब मांडायलाच हवा.

चूक : जमीन घेतली, निधी नंतर बघू

ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच होते. मालक वृद्ध आहे, बिल्डर दारात उभा आहे, मुदत जवळ आली आहे. अशा वेळी ‘सांभाळायचं कसं’ हा प्रश्न विचारणारा माणूस रसभंग करणारा वाटतो. तरीही तो प्रश्न विचारणं कारभारप्रमुखाचंच काम आहे.

हिशेब अवघड नाही. वर्षभरात त्या जागेवर किती फेऱ्या होतील, किती माणूस-दिवस लागतील, कर आणि विमा किती, कुंपण आणि पाट्या किती वर्षांनी बदलाव्या लागतील, हे एका पानावर मांडायचं. कायम निधीतून वर्षाला ४ टक्केच रक्कम काढायची असं संस्थेचं धोरण असेल, तर वर्षाला १ लाख खर्चाच्या जमिनीसाठी २५ लाख बाजूला हवेत. हे पान समोर नसेल तर विश्वस्त मंडळापुढे ठराव मांडूच नये. आणि पैसे मागायचे ते सही होण्याआधी. जमीन वाचवायला देणगी देणारे पुष्कळ भेटतात. तीन वर्षांनी कुंपणासाठी मागितली तर फोन उचलला जात नाही.

देखभालीचा निधी आणि कोर्टकचेरीचा निधी वेगळे ठेवा. एकच मोठा दावा दहा जमिनींची देखभाल खाऊन टाकू शकतो. अमेरिकेत ही भीती इतकी खरी ठरली की तिथल्या अनेक संस्थांनी एकत्र येऊन ‘टेराफर्मा’ नावाची स्वतःची विमा व्यवस्था उभी केली. तिचं संरक्षण २०१३पासून मिळू लागलं.

आधीच्या लोकांनी निधीविना दहा-वीस जमिनी घेऊन ठेवल्या असतील तर? सगळ्यांसाठी एकदम पैसा उभा राहणार नाही. ज्या जमिनींवर धोका जास्त आहे, म्हणजे शहराची हद्द जवळ येतेय, मालकाकडेच ठेवलेल्या जमिनीची मालकी नुकतीच बदलली आहे किंवा शेजाऱ्याशी वाद आहे, त्यांची यादी आधी करा आणि तिथून सुरुवात करा.

चूक : मूळस्थितीचा अहवाल थातुरमातुर करणं

काही व्यवहारांत जमीन मालकाकडेच राहते, पण ती विकसित करायचे हक्क तो कायमचे सोडून देतो आणि ते पाळले जातात की नाही हे संस्था बघते. असा संवर्धन करार मोडला गेल्याचं सिद्ध करायचं तर करार झाला तेव्हा जमीन कशी होती हे दाखवता यायला हवं. ते दाखवणारी नोंद म्हणजे मूळस्थितीचा अहवाल. अमेरिकेच्या करविषयक नियमांत दात्याला करसवलत हवी असेल तर ही कागदपत्रं दान होण्यापूर्वीच तयार असावी लागतात. करसवलतीचा संबंध नसला तरी हा क्रम सर्वत्र पाळण्यासारखा आहे.

प्रत्यक्षात काय होतं? अहवालात सूर्यास्त, तळं, पक्षी असतात. जमीन विकायला काढली आहे की काय असं वाटावं इतके सुंदर फोटो. पण मागच्या बाजूची पत्र्याची शेड, आधीपासून असलेली गाडीवाट, कोपऱ्यातला राडारोडा यांतलं काहीच नसतं. पाच वर्षांनी शेड दुप्पट होते तेव्हा ‘ती एवढीच होती’ असं मालक म्हणतो आणि संस्थेकडे उत्तर नसतं. म्हणून कुरूप गोष्टींचे फोटो आधी काढा. प्रत्येक फोटोला जागेचे जीपीएस निर्देशांक, कॅमेऱ्याची दिशा, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव हवं. बांधकामांची मापं लिहा. शेवटी मालकाची आणि संस्थेची सही घ्या.

जुना अहवाल सापडतच नसेल किंवा कधी झालाच नसेल, तर मागची तारीख टाकून तो बनवायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. न्यायालयात अहवाल नसणं एकवेळ सावरता येतं, खोटी तारीख सावरता येत नाही. आजच्या तारखेचा सद्यस्थिती अहवाल करा. जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहाच्या प्रतिमा मिळतील त्या जोडा, आणि तो उशिरा का होतोय हे त्यातच लिहून टाका.

चूक : ‘सर्व ठीक’ अशी पाहणी

वर्षातून एकदा तरी प्रत्येक जागेची पाहणी व्हावी, हा आता या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे. फॉर्म भरलेले असतात, पण सलग सहा वर्षांच्या शेऱ्यांत एक शब्दही बदललेला नसतो. हे दिसलं की समजावं, कुणीतरी फाटकापर्यंत जाऊन परत येतंय. अशी स्थिती बहुधा आळसाने येत नाही. सगळ्या पाहण्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कोंबलेल्या असतात आणि एका माणसाला दिवसाला चार जागा दिलेल्या असतात. दोष वेळापत्रकाचा असतो, म्हणजे तुमचा. पाहण्या वर्षभर पसरवा, दर दोन-तीन वर्षांनी माणसं आलटूनपालटून पाठवा, आणि गेल्या वेळी न चाललेली हद्द या वेळी चालायची असा नियम करा.

ड्रोन आणि उपग्रह मदतीला आहेतच. दाट झाडीखालची पायवाट, टाकलेला कचरा किंवा सरकवलेला हद्दीचा दगड मात्र वरून दिसत नाही. मालकाशी होणारं बोलणंही स्क्रीनवर होत नाही.

आणि हे बोलणंच बऱ्याचदा निर्णायक ठरतं. ज्याने स्वतः करार केला तो मालक सहसा तो मोडत नाही. त्रास होतो तो वारसाकडून किंवा पुढच्या खरेदीदाराकडून, ज्याने करार वाचलेलाच नसतो. म्हणून मालकी बदलली हे तुम्हाला कळायची व्यवस्था हवी. करारात कळवण्याची अट असली तरी तिच्यावर विसंबू नका, जमिनीच्या नोंदी अधूनमधून तपासा. नवा मालक आला की पहिल्या काही आठवड्यांत जाऊन भेटा, कराराची प्रत आणि साध्या भाषेतला सारांश द्या. पहिली भेट नोटीस घेऊन झाली तर पुढची वीस वर्षं कडवट जातात.

जागेवर उभं राहून तोंडी परवानगी देणं हा याच कामातला आणखी एक सापळा. मालक विचारतो, ‘इथे छोटी शेड चालेल ना?’ कर्मचारी संकोचाने म्हणतो, ‘हरकत नसावी.’ पुढे या वाक्याचा परवाना होतो. कर्मचाऱ्यांना एकच उत्तर शिकवून ठेवा: ‘लेखी पाठवा, ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर देतो.’ आणि ते दिवस पाळा.

चूक : बँकेतली शिल्लक बघून खर्च ठरवणं

खात्यात भरपूर रक्कम आहे आणि तरीही पगाराची ओढाताण आहे, हे लक्षण दिसलं तर कारण जवळजवळ ठरलेलं असतं. बहुतेक पैसा विशिष्ट जमिनीसाठी किंवा प्रकल्पासाठी अट घालून आलेला असतो. शिवाय अनेक अनुदानं आधी खर्च करा, मग पावत्या देऊन परत मागा, अशा पद्धतीची असतात. मोठं अनुदान मंजूर झालं की संस्था आधी गरीब होते आणि मग श्रीमंत. प्रत्येक अटीच्या निधीचं वेगळं खातं हिशेबात ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांची रोकड दर आठवड्याला मांडा. अटीच्या निधीतून तात्पुरती उचल करायची वेळ आलीच तर आधी थांबा, खजिनदार आणि लेखापरीक्षक यांच्याशी बोला.

चूक : विश्वस्तांचे हितसंबंध बोलायचे टाळणं

विश्वस्त स्थानिक असतात, त्यांच्या किंवा नातेवाइकांच्या जमिनी शेजारीच असतात. त्यात गैर काही नाही. तो संबंध इतिवृत्तात नसणं आणि त्या व्यक्तीने मतदानात भाग घेणं हे गैर आहे. करारात बदल करण्याच्या प्रत्येक अर्जाला हीच कसोटी लावा: यात एखाद्याचा खासगी फायदा होऊन जमिनीचं संरक्षण कमी होतंय का?

चूक : संस्था एका माणसाच्या डोक्यात असणं

कुठल्या फाटकाची किल्ली कुठे, कुठला शेजारी चिडका, कुठल्या सर्व्हेत चूक आहे हे सगळं एका अनुभवी सहकाऱ्याला ठाऊक असतं. तो आजारी पडला की कामं थांबतात. कायमस्वरूपी वचन देणाऱ्या संस्थेला हे परवडत नाही. मूळ कागदपत्रं आग आणि पुरापासून सुरक्षित जागी ठेवा आणि प्रती दुसऱ्या ठिकाणी. त्याच सहकाऱ्याबरोबर कुणीतरी वर्षभर फिरावं आणि ऐकलेलं लिहून काढावं. एकट्याने रानात जाणाऱ्याने परतण्याची वेळ कुणाला तरी सांगून जावी, हा नियमही त्याच वहीत लिहा. अनुभवी माणसंच तो सर्वांत आधी मोडतात.

व्यवस्था चालते की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. सर्वांत नव्या कर्मचाऱ्याला कोणत्याही एका जमिनीचं नाव द्या आणि करार, नकाशा, मूळस्थितीचा अहवाल आणि शेवटच्या पाहणीचं पत्र आणायला सांगा. कुणाला न विचारता दहा मिनिटांत चारही कागद आले नाहीत, तर पुढची जमीन घेण्याआधी दप्तर लावायला घ्या.