आर्ट कॉलेजात वेब डिझाइन कसं शिकावं: सुरुवात खऱ्या मजकुरापासून

उपयोजित कलेची मुलं वेबसाइटची असाइनमेंट घेऊन येतात तेव्हा मी आधी मजकूर वाचायला घेतो. बहुतेकदा वाचण्यासारखं काही नसतं. शीर्षकाच्या जागी ‘हेडिंग’, त्याखाली लॅटिनमधलं लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरण्यापुरता निरर्थक मजकूर, आणि नेटवरून उचललेला कुठल्या तरी परक्या हॉटेलातल्या कॉफीचा फोटो. रंग नेटके, मांडणी नेटकी. पण हे पान कुणासाठी, असं विचारलं की मुलं गप्प होतात. आर्ट कॉलेजात राहून वेब डिझाइन शिकायचं असेल तर माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: खरा मजकूर हातात आल्याशिवाय मांडणीला हात घालू नका. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

प्रवेश घेण्याआधी

बीएफएच्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) उपयोजित कला शाखेसाठी राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे प्रकार एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा मनापासून सराव केलेल्या मुलांना ओळखीचेच असतात. कोल्हापुरात कलानिकेतन, दळवीज ही नावं चित्रकलेची आवड असलेल्या प्रत्येक घरात माहीत आहेत. कॉलेज कुठलंही निवडा, पण फी भरण्याआधी एकदा वर्ग चालू असताना जाऊन या आणि दोन गोष्टी विचारा. वेबचं काम ब्राउझरमध्ये उघडून तपासतात की प्रिंट काढून बोर्डावर लावतात? आणि कॉम्प्युटर लॅब वर्ग सुटल्यावर किती वाजेपर्यंत उघडी असते? प्रिंटवर तपासत असतील म्हणून कॉलेज टाळायची गरज नाही. ब्राउझरचा भाग आपला आपल्याला भरून काढायचाय, हे आधी कळलेलं बरं.

पहिल्या वर्षी अक्षर हाताने

पहिल्या वर्षी लॅपटॉप नसला तरी काही अडत नाही. बोरू, कट निब आणि फ्लॅट ब्रश पुरे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, गंगावेशीत, महाद्वार रोडवर फिरा आणि पेंटरच्या हातच्या उरलेल्या पाट्यांचे फोटो काढा. फ्लेक्सच्या गर्दीत त्या अजून दिसतात. त्यातल्या दहा-बारा पाट्या ट्रेसिंग पेपरवर उतरवा. ब्रश कुठे दाबलाय, कुठे उचललाय, शिरोरेघ किती जाड धरलीय, वेलांटी वरच्या ओळीला लागू नये म्हणून पेंटरने किती जागा सोडलीय, ते बघा. ही जागा सोडण्याची सवय पुढे स्क्रीनवर थेट कामाला येते.

मजकूर कसा गोळा करावा

दुसऱ्या वर्षापासून एक खरं काम धरा. भवानी मंडपाजवळची चप्पल लाइन, गुजरीतला सराफ, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला मूर्तिकार, गावाकडचं गुऱ्हाळ. कुणीही चालेल, फक्त तो माणूस तुम्हाला दोन-तीनदा वेळ देणारा हवा. गिऱ्हाइकी नसते अशा वेळी जा. वही न्या, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

चपलेचं उदाहरण घेऊ. ‘आमच्याकडे उत्तम दर्जाच्या चपला मिळतील’ हे वाक्य लिहून घरी येऊ नका, ते कुठल्याही दुकानाला चालतं. कापशी आणि बक्कलनाली या चपलेच्या प्रकारांत फरक काय, कान कशाला म्हणतात, वेणी हाताने घालायला किती वेळ लागतो, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं आहे का, पावसात भिजली तर काय करायचं, हे विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे आहेत. पण जीआयचं चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच वापरता येतं. तेव्हा पानावर ते टाकण्याआधी कारागिराकडे नोंदणीचा कागद आहे का बघा. शोभेसाठी लावायचं ते चिन्ह नव्हे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने असंच काम घेतलं होतं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर पान केलं, मोबाइलवर उघडलं आणि दुकानात नेऊन दाखवलं. मालकांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “झ्याक हाय गं पोरी. पण गिऱ्हाइकाचा पाय केवढा हाय, ते मला कळायचं कसं?”

दुकानात ते गिऱ्हाइकाला कागदावर उभं करतात आणि पेन्सिलीने पावलाची कड काढून घेतात. पानावर मात्र सहा, सात, आठ, नऊ असे नंबरचे गोल होते, कारण मोठ्या दुकानांच्या ॲपवर तसेच असतात. “मी उद्या बदलून आणतो, मामा,” असं म्हणून ती परत आली. नंतर त्या पानाचा सगळ्यात मोठा भाग मापाचाच झाला: कागदावर पाय कसा ठेवायचा, पेन्सिल उभी कशी धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर कसे मोजायचे, याची तिने स्वतः काढलेली चार चित्रं. तिची चित्रकला पहिल्यांदा वेबपानात खरी कामाला आली ती तिथे.

कोड: आधी उघडंबोडकं पान

मजकूर आला की फिग्मा बंद ठेवा. साध्या एडिटरमध्ये, व्हीएस कोड असेल तर उत्तमच, फक्त एचटीएमएल, म्हणजे पानावरच्या मजकुराची रचना सांगणारा कोड, लिहा. मुख्य शीर्षक एक, त्याखाली उपशीर्षकं, परिच्छेद, याद्या, चित्रं आणि प्रत्येक चित्राला ऑल्ट मजकूर (चित्र दिसलं नाही तरी कळावं म्हणून लिहिलेलं त्याचं वर्णन). रंग नाही, फॉन्ट नाही. हे पान वरून खाली वाचत जा. दुकान कुणाचं, काय मिळतं, केवढ्याला, कुठे यायचं, हे एवढ्यावरच कळलं पाहिजे. जगातलं पहिलं वेबपान १९९१ मध्ये युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत असंच नुसत्या मजकुराचं आणि दुव्यांचं होतं. सर्नने ते जतन केलंय, आणि आजच्या मोबाइलवर उघडलं तरी वाचता येतं. पानाचे रंग, फॉन्ट आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली १९९६ मध्ये. मजकूर आधी आणि साज नंतर, याच क्रमाने वेब वाढत गेलंय.

आजकाल एआयला सांगितलं की मिनिटभरात पान तयार मिळतं, मग हाताने कशाला, असं मुलं विचारतात. वापरा की. पण त्या कोडमधली प्रत्येक ओळ काय करते हे सांगता आलं पाहिजे, कारण दुकानदाराचा फोन येतो तेव्हा दुरुस्ती तुम्हालाच करायची असते. कोड म्हणजे इंजिनिअरचा प्रांत, असंही धरून बसू नका. सिनेमासाठी कॅमेरा हवा म्हणून तो स्वतः तयार करणारे बाबूराव पेंटर आपल्याच कोल्हापूरचे चित्रकार. शिकण्यासाठी एमडीएन वेब डॉक्स ही वेबसाइट मोफत आहे. रोज तासभर त्यातला एक धडा करा, व्हिडिओ नुसते बघत बसू नका.

देवनागरीची काळजी

इथे थोडा वेळ काढा, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सहसा मिळत नाही.

दुकानदार मजकूर देतो तो बहुधा छापखान्यात केलेल्या पत्रकाच्या फाइलमधून. ती जुन्या, युनिकोड (अक्षरं सगळीकडे तीच दिसावीत म्हणून ठरलेली संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असते. कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग मूळ पत्रक शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून बघा. रफार आणि पहिली वेलांटी इथेच हमखास घसरतात. वेळ नाही म्हणून मजकुराचं चित्र करून पानावर टाकू नका. मी शिकत असताना एका दुकानासाठी तसं केलं होतं. मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं झालं, फोन नंबर कुणाला कॉपी करता येईना आणि गूगलला त्या पानातला एक शब्दही वाचता येत नव्हता. दुकानदाराचे पैसे वाया गेले, याची रुखरुख मला अजून आहे.

पानाच्या सुरुवातीला लँग ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या नोंदीत, मराठीचा ‘एमआर’ (mr) हा संकेत द्या. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, त्यात ते या संकेताने आपोआप उमटतात. नाही तर हिंदी वळणाचे दिसतात. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही मराठी आवाज निवडायला याचीच मदत होते. फॉन्टपैकी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू, तसंच नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे मोफत आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून दोनच वजनं घ्या: साधं आणि ठळक.

लेटर स्पेसिंग शून्यावर ठेवा. इंग्रजी शीर्षकाला मोकळं करायची सवय मराठीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपं अक्षरही टाळा. देवनागरीत बहुतेक फॉन्टना खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर साधं अक्षरच ओढून वाकडं करतो. ओळींची उंची फॉन्टच्या १.६ ते १.८ पट धरा. तपासायला स्वतःचा मजकूर घ्या. ‘अंगठ्याचा पट्टा’, ‘गोंडा’, ‘पन्हाळ्याच्या दऱ्याखोऱ्यांतून’ हे शब्द एकाखाली एक लावा. ट्टचा पाय खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतोय का, ऱ्या नीट जुळतोय का, लगेच दिसतं. लोरेम इप्समवर यातलं काहीच कळलं नसतं. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, तेही इथेच कळतं. इंग्रजीत ‘बाय’ मावणाऱ्या बटणात ‘मागणी नोंदवा’ बसवून बघा.

मांडणी आणि मोबाइल

आता सीएसएस. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धती, एवढ्यावर बहुतेक पानं होतात. पान मोबाइलच्या अरुंद रुंदीपासून सुरू करा, मग मोठ्या स्क्रीनकडे जा. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे दाखवायला सांगणारी कोडची ओळ) विसरलात तर अख्खं पान मोबाइलवर आक्रसून दिसतं. मुलांच्या पहिल्या पानांत ही चूक मला फार वेळा सापडते.

रंगाचं तुम्हाला वर्गात शिकवलेलंच असतं, एक आकडा मात्र लक्षात ठेवा: साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षराला ३ ला १. चामड्याच्या तपकिरी रंगावर सोनेरी अक्षर पोस्टरवर खुलतं, पण भर उन्हात रस्त्यावर मोबाइल धरलेल्या माणसाला ते वाचता येत नाही. फोटो दुकानाच्या दारातल्या उजेडात काढा, फ्लॅश नको. मोबाइलमधला तीन-चार एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये साठवा, दोनशे केबीच्या आत बसवा. फोन नंबर दाबल्यावर थेट कॉल लागेल असा दुवा द्या.

ज्युरीआधी दाखवायचं कुणाला

सबमिशनच्या आठवडाभर आधी पान तीन जणांच्या हातात द्या: एक घरातलं ज्येष्ठ माणूस, एक दुकानातलं गिऱ्हाईक आणि एक जण जुन्या, स्वस्त मोबाइलवर. एकच काम सांगा, ‘कापशी चपलेची किंमत शोधा’, आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते वहीत लिहा. मदत करायचा मोह होतो, तो आवरा. ज्युरीपुढे, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, हीच वही ठेवा. आधी काय होतं, माणूस कुठे अडला, मग काय बदललं, हे दाखवणारं काम दहा चकचकीत स्क्रीनपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं, आणि नोकरीच्या मुलाखतीतही याच्यावरच बोलणं होतं. पोर्टफोलिओत अशी तीन कामं पुरेत.

पान लाइव्ह करताना

सरावाची पानं गिटहब पेजेस या ऑनलाइन सेवेवर फुकट ठेवता येतात. दुकानाचं पान लाइव्ह करायचं झालं तर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, दुकानदाराच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर घ्या. तुमच्या नावावर घेतलं आणि पुढे तुम्ही पुण्या-मुंबईला गेलात, तर नूतनीकरणाच्या वेळी त्याचा धंदा अडतो. पैशाचं बोलणं कामाआधी करा आणि साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा: किती पानं, कितीदा बदल, फोटो कोण काढणार, पुढच्या वर्षीचा खर्च कुणाचा. ओळखीचं दुकान असेल तर हा कागद जास्तच गरजेचा आहे.

पासवर्ड एका वहीत लिहून ती त्यांच्या गल्ल्यात ठेवायला द्या आणि किंमत कशी बदलायची ते त्यांच्यासमोर दोनदा करून दाखवा. मग नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी होते तेव्हा दुकानात चक्कर मारा. त्यांनी एखादी किंमत स्वतः बदललीय का ते बघा. बदलली नसेल तर का नाही जमलं ते विचारा, आणि तो भाग सोपा करून द्या.