अवयवपेटी बनवताय? गार ठेवा, गोठवू नका

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 वर गेला की स्वस्त अवयवपेटी, म्हणजे प्रत्यारोपणाचा अवयव थंड ठेवून न्यायची पेटी, बनवणाऱ्या पोरांचं सगळं लक्ष बाहेरच्या उन्हाकडे असतं. आत काय गोठतंय, ते कुणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. खाटकाकडून बोकडाचं मूत्रपिंड आणलं, पिशवीत घातलं, डीप फ्रीझरमधून थेट काढलेल्या बर्फात ठेवलं. मीटरवर उणे 3 बघून खूशच झालो! दोन तासांनी कापलं, तर बर्फाकडची कड टणक. पेशींत बर्फाचे कण झाले की त्या फुटतात, मग तो अवयव कामाचा नाही.

फ्रीझरमधला बर्फ उणे 18 च्या आसपास असतो, वितळणारा बर्फ 0 वर. म्हणून चुरा करून त्यात थंड पाणी घाला. आइस पॅक वापरत असाल तर ते बाहेर ठेवा, घाम फुटू द्या, कानाशी हलवून आत पाणी डुचमळतंय का ऐका. लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बर्फात मीठ टाकू नका. तो कुल्फीचा धंदा आहे, पारा उणे 20 पर्यंत नेतो. ड्राय आइस तर उणे 78. शिवाय बर्फ अवयवाला थेट लागताच कामा नये: एकात एक तीन निर्जंतुक पिशव्या, सगळ्यात आत अवयव आणि त्याला टिकवणारं द्रावण.

आणखी एक गैरसमज. पेटी अवयव थंड करत नाही. ते काम सर्जन शरीरातच, रक्तवाहिनीतून थंड द्रावण सोडून करतात. पेटीने फक्त तो थंडावा राखायचा.

बर्फ लवकर वितळतोय? आधी हिशोब करा. 5 सेंटिमीटर जाडीचा पफ (उष्णता रोखणारा पॉलियुरेथेन फोम), पेटीचं पृष्ठफळ 0.6 चौरस मीटर, बाहेर 43 अंश: आत शिरणारी उष्णता साधारण 13 वॉट, म्हणजे तासाला जेमतेम 140 ग्रॅम बर्फ वितळणार. पुण्यापर्यंतचे 250 किलोमीटर पाच तासांत धरले तर कागदावर 700 ग्रॅम. प्रत्यक्षात 3 किलो घाला, कारण झाकण गळतं आणि हडपसरला गाडी अडकते. झाकण तपासायला कागदाची पट्टी रबरात धरून बंद करा. ती सहज ओढून निघाली तर गळती तिथेच आहे.

बर्फाऐवजी पेल्टियर, म्हणजे विजेवर थंड करणारी चकती, बसवायचा मोह होतो. 12 व्होल्टवर 50-60 वॉट खाणारं ते मॉड्यूल आत-बाहेर 40 अंशांचा फरक असताना फारशी उष्णता उपसत नाही, आणि बॅटरी संपली की तेच मॉड्यूल बाहेरची उष्णता आत वाहून नेतं.

तापमान मोजायला डीएस18बी20 हा सेन्सर घेतलात तर त्याची अचूकता अर्धा अंश इकडेतिकडे, तीही अस्सल असेल तर. बाजारात नकली भरपूर. बर्फ-पाण्यात बुडवून 0 दाखवतो का बघा. बर्फात खुपसलेला सेन्सर बर्फाचंच तापमान सांगतो, अवयवाचं नाही. चाचणीत अवयवाच्या जागी 150 ग्रॅम जिलेटिनची पिशवी घ्या, दुसरा सेन्सर तिच्यात ठेवा आणि दोन्हींतला फरक लिहून काढा. खऱ्या वाहतुकीत मात्र सेन्सरसाठी पिशवीला भोक पाडायचं नाही.

वेळेबद्दल: मूत्रपिंडाला साध्या थंडाव्यात दिवसभराची सवड असते, यकृताला साधारण बारा तासांची, हृदयाला चार ते सहा. त्यामुळे सोलापूरहून पुण्याला रस्त्याने हृदय न्यायचं तर हाती फार काही उरत नाही. पहिली पेटी मूत्रपिंडासाठीच करा. खरा अवयव ठेवण्याआधी मेडिकल डिव्हायसेस रूल्स 2017 प्रमाणे परवाना लागेल. आपला जिल्हा ज्यांच्याकडे येतो, त्या पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी सुरुवातीलाच बोला.

शेवटची चाचणी दुपारी बाराला. एसी बंद करून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत भरलेली पेटी ठेवा, सहा तास झाकणाला हात लावू नका. उघडल्यावर बर्फ दिसला नाही तर पफची जाडी वाढवा, सर्किट नव्हे.