अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावल्यावर गाडी कचकन ब्रेक मारते? हे करून बघा

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी यंत्रणा) लावलं की पुढच्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसतं, आपली गाडी कचकन ब्रेक मारते आणि मागचा अगदी जवळ येतो.

१. अंतर सर्वांत कमीवर ठेवू नका. घुसणारा तरीही घुसतोच. शेजारच्या लेनमधल्या गाडीचं पुढचं चाक आपल्याकडे वळताना दिसलं, की स्टिअरिंगवरच्या बटणाने ठरवलेला वेग लगेच ५-१० किमीने उतरवा. गाडी अलगद मागे सरते, दणका बसत नाही. सगळ्यात जास्त उपयोग याचाच.

२. लेन बदलण्याआधी इंडिकेटर द्या, नाहीतर लेन असिस्ट (गाडी लेनमध्येच ठेवणारी यंत्रणा) स्टिअरिंग मागे ओढतं.

३. निघताना कॅमेऱ्यासमोरची काच आणि पुढच्या रडारवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा.

खंडाळ्याचा घाट आणि मुसळधार पाऊस, दोन्हीकडे क्रूझ बंदच ठेवा.

आणि हे मात्र नक्की लक्षात ठेवा: लेनमध्ये बंद पडून उभा असलेला ट्रक ही यंत्रणा वेगात असताना वेळेत ओळखेलच असं नाही, बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही तसा इशारा असतो. विशेषतः रात्री नजर लांबवर आणि पाय ब्रेकजवळ हवा.